रामटेके मॅडम आणि परतायचा रस्ता

शीला रामटेके मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या डोळे मिटून उभ्या होत्या. सर्व्हरच्या खोलीत, लोखंडी रॅकसमोर, एका हातात चष्मा. मला वाटलं, बाईंना चक्कर आली. मी धावत पुढे झालो तर त्यांनी डोळे न उघडताच हात वर करून मला थांबवलं. थोड्या वेळानं यंत्राची घरघर उतरली, तेव्हा त्यांनी चष्मा चढवला.

"बसले," त्या म्हणाल्या. "तू देशकर ना? मराठीत बोल माझ्याशी. दिवसभर हिंदी बोलून बोलून तोंड दुखते माझं."

बसले होते ते पंखे. सर्व्हर सुरू होताना त्याचे पंखे आधी पूर्ण ताकदीनं गरजतात आणि यंत्र ठीक उठलं की आवाज खाली येतो. उठलं नाही तर आवाज तसाच राहतो, किंवा पुन्हापुन्हा चढतो. हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. मॅडम मात्र पडद्याकडे पाहण्याआधी कान द्यायच्या. पडदा उशिरा बोलतो, असं त्यांचं म्हणणं.

आमचा धर्मादाय दवाखाना जबलपूरला, आणि त्याच्या काही छोट्या शाखा मंडल्याच्या पलीकडे जंगलपट्टीत. सगळ्या संगणकांची जबाबदारी मॅडमवर. त्यांच्या हाताखाली मी आणि आणखी दोघं. मॅडमचं माहेर भंडाऱ्याकडचं. वडील नोकरीसाठी जबलपूरला आले ते इथलेच झाले. लग्नही इथंच झालं. पती एका कारखान्यात फोरमन, अगदी कमी बोलणारे. घरातलं सगळं बोलणं मॅडमनीच उचललेलं होतं.

दिसायला बुटक्या, रुंद, चालताना खांदे हलवणाऱ्या. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट. कोणी बुटांकडे पाहिलं की म्हणायच्या, "शाखेत नाल्यातून जावं लागते बाप्पा, तिथं तुमची नाजूक सँडल काय करते?" मग त्या वर्षभर शाखेत गेल्या नसल्या तरी.

त्यांचं एक वाक्य सगळ्या दवाखान्याला पाठ होतं. काहीही बदलायचं म्हटलं की त्या विचारायच्या, "परतायचा रस्ता आहे का?" आधी जसं होतं तसं पुन्हा करता येईल का, एवढाच अर्थ. पण हा प्रश्न त्या कुठंही विचारायच्या. शिपायानं कपाट सरकवायचं म्हटलं तरी, कोणी मुलाची शाळा बदलतोय म्हटलं तरी. अकाउंट्समधल्या दुबे जींनी मिशी काढायचं ठरवलं तेव्हा मॅडमनी गंभीरपणे हाच प्रश्न विचारला, आणि दुबे जी थोडा विचार करून म्हणाले, "है मैडम, टाइम लगेगा."

हे वाक्य त्यांना कुठून मिळालं ते त्या प्रत्येक नव्या माणसाला सांगायच्या. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. सर्व्हरच्या आत एक चिमुकला वेगळा संगणक असतो. मोठं यंत्र बंद पडलं तरी हा जागा राहतो, आणि त्याच्यामार्फत दूर बसून यंत्र चालू-बंद करता येतं, त्याच्या अगदी मुळाच्या सेटिंग्जपर्यंत, म्हणजे फर्मवेअरपर्यंत पोचता येतं. मॅडमनी जबलपूरच्या खुर्चीत बसून मंडल्याच्या यंत्रातल्या त्या चिमुकल्या संगणकाचा पत्ता बदलला, आणि एक आकडा चुकला.

"ज्या फांदीवर बसली होती तीच कापली मी," त्या खदखदून हसायच्या. "इकडून काही दिसेना, काही ऐकू येईना. मग काय? बस पकडली. एक आकडा नीट करायसाठी अख्खा दिवस. आन् बाजूले एक माणूस दोन बकऱ्या घेऊन बसलेला."

पुढच्या वेळी सांगताना बकऱ्यांच्या जागी कोंबड्या असायच्या. एकदा तर वरातीतला बँडवाला होता, मांडीवर ढोल घेऊन. मी एकदा म्हटलं, "मॅडम, मागच्या वेळी बकऱ्या होत्या." तर म्हणाल्या, "बस मोठी होती रे."

त्या गोड होत्या असं मी म्हणणार नाही. जीभ तिखट होती. पासवर्ड कोणाला द्यायच्या नाहीत, महत्त्वाच्या यंत्राला कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. मी कित्येक वर्षं त्यांच्या मागं उभं राहून नुसतं पाहत शिकलो. एकदा वैतागून विचारलं, "मला करू द्याल की नाही कधी?" त्या वळल्यासुद्धा नाहीत. "काहून घाई करून राहिला? पाहणं हे पण कामच आहे." मला राग आला होता. घरी जाऊन बायकोला म्हणालो, ही बाई रिटायर होईपर्यंत माझं काही खरं नाही.

पण त्यांच्याशी भांडावं असं वाटलं की मला सचिवांच्या खोलीतली ती दुपार आठवायची.

दवाखाना चालवणाऱ्या न्यासाचं ऑफिस सिविल लाइंसमधल्या एका जुन्या बंगल्यात होतं. सचिव मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्या दिवशी बाहेरून पाहुणे आलेले, आणि सचिवांना दाखवायचं होतं की आपला दवाखाना किती आधुनिक आहे. इथं बसून तिकडची यंत्रं कशी हलवता येतात, ते. एका सर्व्हरचं फर्मवेअर बदलायचं राहिलंच होतं. "मैडम, अभी कर दीजिए, सब देख लेंगे," ते म्हणाले.

मॅडमनी लॅपटॉप उघडला. मग उघडा तसाच ठेवून ऑपरेशन थिएटरला फोन लावला. टेबलावर एक म्हातारे गृहस्थ होते, हर्नियाचं ऑपरेशन चाललेलं. थिएटरमधला पडदा त्याच सर्व्हरवर चालायचा, आणि फर्मवेअर बदलताना सर्व्हर बंद करावा लागतो.

"सर, पेशेंट टेबल पर है. बाहर आ जाए, फिर करूँगी."

"पाँच मिनट का तो काम है!"

"जी. पाँच मिनट ही लगेंगे. बाद में."

पाहुण्यांपैकी एकानं छताकडे पाहायला सुरुवात केली. सचिवांचा चेहरा लाल झाला. मॅडमनी समोरचा चहा उचलला आणि सावकाश प्यायला सुरुवात केली, बिस्किटासकट. पेशंट बाहेर आला असा फोन येईपर्यंत पाहुणे निघून गेले होते. मग मॅडमनी ते काम केलं, एकट्या सचिवांच्या देखत, आणि शांतपणे त्यांना प्रत्येक पायरी समजावून सांगितली.

त्या वर्षी मॅडमची बढती अडली. सगळ्यांना कारण माहीत होतं. मी काहीतरी सहानुभूतीचं बोलायला गेलो तर म्हणाल्या, "अडली तर अडली. तो हर्नियावाला बुढा घरी गेला ना चालत?" आणि शिपायाला खोव्याची जिलेबी आणायला पिटाळलं. सगळ्या ऑफिसनं खाल्ली. कशाबद्दल, ते कोणी विचारलं नाही.

आता त्या रविवारची गोष्ट.

मॅडमची एकुलती मुलगी प्रज्ञा. तिचा साखरपुडा विजय नगरच्या त्यांच्या घरी होता. मुलाकडची मंडळी नागपूरहून आली होती. गच्चीवर मांडव, खाली हॉलमध्ये बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या, फुलं, पांढरी वस्त्रं घातलेली वडीलधारी माणसं. मॅडमना मी पहिल्यांदाच जरीच्या साडीत पाहत होतो. कॅनव्हासचे बूट नव्हते, त्यामुळे त्यांना चालताच येत नव्हतं. बुद्धवंदना नुकतीच संपली होती. अंगठ्यांचं तबक आणायला कोणीतरी आत गेलं, आणि तेवढ्यात माझा फोन वाजला.

मंडल्याच्या पलीकडच्या आमच्या शाखेतून मरकाम सिस्टर बोलत होत्या. तिथल्या मुख्य परिचारिका. त्यांचा आवाज कधी चढत नसे, त्या दिवशी चढला होता. सकाळी वीज कोसळून लाइट गेले, परत आले, पण सर्व्हर उठेना. पडद्यावर लिहून आलंय की डिस्कच सापडत नाही. आणि प्रसूतीच्या टेबलावर सुखवती नावाची बाई होती. बाळ झालं होतं, चांगलं रडलं होतं, पण आईचा रक्तस्राव थांबत नव्हता.

सुखवतीला सिकलसेल होता, रक्ताचा पिढीजात आजार. त्या भागात तो आजार पुष्कळ. लहानपणापासून तिला वारंवार रक्त चढवलेलं, आणि अशा माणसाला पुढंपुढं नुसता रक्तगट जुळून भागत नाही. मागच्या खेपेला तिला रक्त सोसलं नव्हतं, जिवावर बेतलं होतं. म्हणून या वेळी जबलपूरच्या रक्तपेढीतून तिच्यासाठी खास तपासून काही पिशव्या आधीच पाठवल्या होत्या. शाखेच्या फ्रिजमध्ये त्या इतर पिशव्यांबरोबर ठेवलेल्या. पिशव्यांवर फक्त गट आणि क्रमांक. तिच्या कोणत्या, ते सर्व्हरमध्ये. जबलपूरच्या रक्तपेढीला विचारलं होतं, तेही शोधत होते. आणि मधल्या नाल्यावरून पाणी वाहत असल्यानं रस्ता बंद होता. ना बाईला हलवता येत होतं, ना आम्हाला तिथं जाता येत होतं.

मी मॅडमना शोधलं. त्या विहिणीच्या शेजारी बसल्या होत्या. मी कानाशी वाकून सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग प्रज्ञाकडे. प्रज्ञानं आईचा चेहरा वाचला आणि ओठ घट्ट मिटले. अशा हाका ऐकतच ती मोठी झाली होती.

"आई, आज नको ना," ती हळूच म्हणाली.

मॅडम उठल्या. मुलाच्या आईसमोर हात जोडून म्हणाल्या, "ताई, मला थोडा वेळ द्या. तिकडे एका बाईचं रक्त थांबून नाही राहिलं." मग त्यांनी जरीचा पदर खोचला.

आम्ही मागच्या खोलीत गेलो. पलंगावर पाहुण्यांच्या बॅगा, त्या बाजूला सारून मॅडमनी लॅपटॉप ठेवला. मी माझ्या फोनवरून इंटरनेट जोडून दिलं. दुसऱ्या फोनवर मरकाम सिस्टर.

"सिस्टर, स्क्रीन पर कुछ पूछ रहा है क्या?"

"हाँ दीदी. नया सेट करें क्या, हाँ या ना. लैब वाले भैया बोल रहे हैं हाँ दबा दें."

"नहीं!" मॅडम एवढ्या ओरडल्या की दारातून दोघं-तिघं डोकावले. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "किसी को हाथ मत लगाने देना. हाँ दबाया तो सब मिट जाएगा. आप खुद वहीं खड़ी रहिए."

शाखेच्या यंत्रातला तो चिमुकला संगणक जागा होता. त्याच्यामार्फत मॅडम आत शिरल्या, आणि तिकडचा पडदा आमच्या लॅपटॉपवर दिसू लागला, पण पाण्याखालून दिसावा तसा, थांबत थांबत. यंत्र पुन्हा सुरू करायचं आणि ते उठत असताना नेमक्या क्षणी एक बटण दाबून फर्मवेअरच्या पानावर जायचं, एवढं काम. पहिल्या खेपेला बटण दाबल्याचा निरोप तिकडे उशिरा पोचला. यंत्र पुढे निघून गेलं आणि पुन्हा तेच, डिस्क सापडत नाही. दुसऱ्यांदाही तसंच. मॅडमच्या कपाळावर घाम आला. बांगड्या लॅपटॉपवर आपटत होत्या, त्या त्यांनी काढून माझ्या हातात दिल्या.

"सिस्टर, फोन मशीन के पास ले जाइए. एकदम पास. बस पकड़ के रखिए."

फोनमधून पंख्यांची गर्जना आली. मॅडमनी डोळे मिटले. पडदा मागं राहत होता, आवाज मात्र लगेच पोचत होता. गर्जना किंचित खाली येऊ लागली तेव्हा, पडद्यावर अजून काहीच नसताना, त्यांनी बटण दाबायला सुरुवात केली आणि दाबतच राहिल्या. निळं पान हळूहळू वरून खाली उलगडलं.

मी श्वास सोडला. मॅडमनी नाही सोडला. त्यांनी प्रत्येक पान आधी वाचलं, मला त्याचा फोटो काढायला लावला, मगच पुढं गेल्या. यंत्रातलं घड्याळ मागं पडलेलं दिसलं तेव्हा त्यांना कळलं. "आतली बॅटरी मेली. लाइट गेले तसं सगळं विसरलं हे. डिस्का जोडीनं चालतात, ते विसरून एकेकटी शोधून राहिलं." दोन डिस्कची ती जोडी पुन्हा ओळखायला सांगणारी सेटिंग त्यांनी बदलली. खालीच दुसरी ओळ होती, जोडी नव्यानं बनवण्याची. दिसायला जवळजवळ तशीच. ती निवडली असती तर सगळं पुसलं गेलं असतं. त्यांनी बोट पडद्यावर ठेवून ती ओळ मला वाचून दाखवली, आणि मगच वरची पक्की केली.

यंत्र पुन्हा सुरू झालं. आणि तरी उठलं नाही.

दारात कोणीतरी आलं. मी वळून पाहिलं तर मुलाची आई. मला वाटलं, आता काहीतरी ऐकावं लागणार. त्या आत आल्या, बॅगांच्या कडेला बसल्या आणि विचारलं, "बीपी किती आहे म्हणते ती?"

मॅडमनी मान वर केली.

"मी नर्स होती," त्या म्हणाल्या. "नागपूरला सरकारी दवाखान्यात सगळी नोकरी झाली माझी. द्या तो फोन इकडे. तुम्ही तुमचं पाहा, तिच्याशी मी बोलतो. अंगठी कुठी जात नाही."

त्यांनी फोन घेतला आणि मरकाम सिस्टरना टेबलापाशी असलेल्या डॉक्टरांना त्याच कॉलवर घ्यायला लावून हळू आवाजात विचारू लागल्या, पोट चोळणं चालू आहे का, सलाइन कसं चाललंय. मॅडमच्या खांद्यावरून काहीतरी उतरलेलं मला स्पष्ट दिसलं. त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या.

"डिस्का तर दिसल्या त्याला," त्या स्वतःशीच बोलल्या. "मग उठून काहून नाही राहिलं?" आणि लगेच, "अच्छा. उठायची पद्धत पण विसरलं." सर्व्हर जुन्या पद्धतीनं सुरू होणारा होता, बॅटरी गेल्यावर फर्मवेअरनं स्वतःची नवी पद्धत धरली होती. पुन्हा तोच प्रवास, विहीणबाईंनी पुढे धरलेला फोन, पंखे, मिटलेले डोळे, बटण, निळं पान, फोटो. ती एक सेटिंग बदलून पक्की केली, यंत्र पुन्हा सुरू केलं. मग इंटरनेटच तुटलं.

पडदा काळा. मी फोन हलवत खिडकीकडे धावलो. मॅडम म्हणाल्या, "राहू दे. ताई, जरा फोन द्या."

तिकडून पंखे गरजत होते. खूप वेळ गरजले, निदान मला तसं वाटलं. विहीणबाईसुद्धा फोनकडे टक लावून बघत होत्या. मग आवाज उतरला. पुन्हा चढतो की काय म्हणून आम्ही थांबलो. चढला नाही.

"बसले," मॅडम म्हणाल्या.

पाठोपाठ मरकाम सिस्टरचा आवाज आला, "दीदी, खुल गया! खुल गया! नंबर मिल गए!" आणि मग कोणाच्या तरी धावण्याचा आवाज.

मॅडम तशाच पलंगावर बसून राहिल्या, जरीची साडी सगळी चुरगळलेली. मी त्यांच्या बांगड्या पुढे केल्या. विहीणबाईंनी एकेक करून त्यांच्या हातात चढवल्या. "चला," त्या म्हणाल्या, "पोरं ताटकळली आहेत."

अंगठी बोटात गेली, टाळ्या झाल्या, मग प्रज्ञानं आईकडे वळून विचारलं, "ती बाई?" जेवणं चालू असताना फोन आला. योग्य रक्त चढलं होतं, स्राव थांबला होता, सुखवतीनं बाळाला पाजलं होतं. मुलगी झाली होती. प्रज्ञानं आईच्या गळ्यात हात टाकले आणि दोघी हॉलच्या मधोमध उभ्या राहून रडल्या आणि हसल्या. फोरमन साहेबांनी, ज्यांचा आवाज मी वर्षातून एकदा ऐकत असे, सगळ्यांना पुन्हा वाढायला सांगितलं.

सोमवारी मॅडमनी मला बोलावलं आणि सगळे पासवर्ड सांगितले. "माझ्या घरी अजून लग्न आहे," एवढंच कारण दिलं. पुढच्या महिन्यात सगळ्या शाखांच्या बॅटऱ्या बदलून आम्ही दोघं आलो. सर्व्हर सगळे मी उघडले. मॅडम मागं उभ्या राहून पाहत होत्या.

निवृत्तीनंतर त्या आणि फोरमन साहेब नागपूरला प्रज्ञाजवळ गेले. सुरुवातीला फोन व्हायचे, मग दिवाळीपुरते राहिले.

शेवटचं पाहिलं ते भेडाघाटला. मी सासरच्या पाहुण्यांना धुआँधार धबधबा दाखवायला नेलं होतं. मनात मात्र एका शाखेतलं अडलेलं काम होतं. घरी गेलो की मॅडमना फोन करून विचारू, असं ठरवूनच निघालो होतो. आणि कठड्यापाशी त्याच उभ्या, नागपूरहून फिरायला आलेल्या असणार. धबधब्याच्या तुषारांनी चिंब भिजलेल्या, चष्मा काढलेला, केस चिकटलेले. हात धरून उभी एक चिमुरडी, प्रज्ञाचीच असणार. पाण्याचा लोट अंगावर आला की दोघी एकदम किंचाळत होत्या.

मी दोन पावलं पुढे गेलो आणि थांबलो. हाक मारली असती तर त्यांनी पहिल्यांदा दवाखान्याचंच विचारलं असतं, आणि मी सगळं सांगत बसलो असतो. काम काही एवढं अवघड नव्हतं. माझं मला जमण्यासारखं होतं.

मी पाहुण्यांना घेऊन संगमरवराच्या दुकानांकडे वळलो. मागं पाण्याचा आवाज एवढा होता की दुसरं काही ऐकू येत नव्हतं, फक्त ती पोर ओरडत होती, "आजी, और आगे! आजी, और आगे!"